मधलं मशीन आणि बाबारावांचं गोणपाट

टेम्पो गेटच्या आत लागला होता, हमाल सावलीत बसले होते आणि स्टोअरकीपर बाबाराव गोडाऊनला कुलूप घालून, किल्ली कनवटीला खोचून दारात उभे होते. परभणीतल्या एका बियाणं कंपनीचा हा डेपो. मृग चार दिवसांवर आलेला. मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. औरंगाबादहून फ्लॉपी ड्राइव्ह साफ करायला आलो होतो आणि चारच्या पॅसेंजरने मला पुढे नांदेड गाठायचं होतं.

"इंजिनिअर साहेब, तुमीच सांगा ह्यांना," डेपो मॅनेजर वट्टमवार साहेब म्हणाले. "पुण्याहून मालाची यादी आली. एकशे बारा नंबरचा लॉट यादीत आहे. सोनपेठचे दुकानदार फोनवर फोन करायलेत. आणि हे म्हणतात, माल देत न्हाई!"

"उगवत न्हाई तं कसा देऊ?" बाबाराव म्हणाले. "शंभर दाणे टाकले होते. अडतीस निघाले."

बाबारावांची ही जुनी पद्धत. कुठल्याही लॉटमधले शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात ओळीने मांडायचे, गुंडाळून ठेवायचे. ज्वारी असली की चौथ्या दिवशी उलगडून मोडं मोजायची. कंपनीची पुण्यात मोठी लॅबोरेटरी होती, त्यामुळे डेपोत या गोणपाटाला कुणी विचारत नव्हतं.

"कॉम्प्युटर चुकतो का?" साहेबांनी मला सरळ विचारलं.

हा प्रश्न मला झोंबला, कारण ती यादी ज्या वाटेने येत होती ती वाट माझी होती.

डेपोतला कॉम्प्युटर दहा वर्षांचा जुना. बशीहून मोठ्या फ्लॉप्या, हिरवी अक्षरं, आणि स्क्रीनवर एका ओळीत मावणार चौसष्ट अक्षरं. स्टॉकचे सगळे प्रोग्रॅम त्याच्यावरच होते आणि ते लिहिणारा माणूस कधीच गल्फला निघून गेला होता. इकडे पुण्याने नवी सिस्टिम घेतली. रोजची यादी आता मोडेमवरून, म्हणजे फोनच्या तारेतून कॉम्प्युटरची भाषा पाठवणाऱ्या डब्यावरून, येणार होती. पुण्याचा वेग या म्हाताऱ्याला झेपेना, आणि तिकडच्या ओळी ऐंशी अक्षरांच्या.

नवीन मशीन घ्यायला कंपनी तयार नव्हती. मग मी एक सेकंडहँड पीसी आणून दोघांच्या मध्ये बसवला. त्याने एका बाजूने पुण्याचं ऐकायचं, नको ते गाळायचं, आणि उरलेलं जुन्याच्या घशात हळूहळू उतरवायचं. हल्ली माझा भाचा जुनी मशीनं गोळा करून त्यांच्यावर आजचं इंटरनेट बघतो. त्यासाठी मध्ये दुसरं मशीन ठेवतो, त्याला प्रॉक्सी म्हणतो. मला तेव्हा हा शब्द माहीत नव्हता. मी आपला "मधलं मशीन" म्हणायचो, आणि पंधरा दिवसांपूर्वी ते सुरू झाल्यापासून स्वतःवर भलताच खूश होतो.

तर मी मधल्या मशीनची टेस्ट घेतली. केबल ठीक, मोडेम ठीक, पोर्ट ठीक. सांगितलं, "मशीनमध्ये दोष नाही."

"लिहून द्या."

मी लेटरहेडवर एक ओळ लिहून दस्तखत केली. साहेबांनी तो कागद समोर ठेवला आणि मेमो लिहायला घेतला. बाबारावांचा हा तिसरा. आधीचे दोनही याच कारणासाठी, माल अडवला म्हणून. तिसऱ्यानंतर सस्पेन्शन, हा तिथला रिवाज होता.

"तीन वर्सं राह्यलीत माझ्या नोकरीची," बाबाराव म्हणाले. साहेबांना नाही, मला. मग आत गेले आणि ओलं गोणपाट आणून माझ्या टेबलावर उलगडलं. पाणी कीबोर्डकडे ओघळायला लागलं.

"अहो, काय करता!" मी कीबोर्ड उचलला.

"मोजा."

मला खरं तर संताप आला होता. तरी मोजले. अडतीसच होते. बाकीचे दाणे फुगून तसेच पडलेले, काहींना बुरशी धरलेली. पाऊणशे तरी उगवायला हवेत, एवढं मलाही ठाऊक होतं.

"पुण्याला फोन लावून खात्री करा ना," मी म्हणालो. साहेबांनी एसटीडी फिरवला. लाईन व्यस्त. पुन्हा फिरवला, पुन्हा व्यस्त. तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. मी घड्याळ बघितलं, दोन वाजून गेलेले. बॅग उचलावी आणि स्टेशन गाठावं असं फार वाटत होतं. माझं काम झालं होतं, कागद दिला होता. पण बूड खुर्चीवरून हलेना आणि खुर्चीवर ठरेनाही.

ऑपरेटर सुरेखाताई वहीने वारा घेत बसल्या होत्या. त्या सहज बोलल्या, "आधी पुणेवाले फोनवर यादी सांगायचे तवा हप्त्यातून एखादा लॉट तरी होल्ड असायचा. आता एकबी येत न्हाई. मी म्हणलं, औंदा माल लय चांगला दिसतो."

"होल्ड कुठे लिहितात?"

"शेऱ्यात. एकदम शेवटच्या रकान्यात."

मी खुर्चीवरून उठलो.

शेवटचा रकाना. पुण्याने नमुना म्हणून जी यादी दिली होती तिच्यात ओळीच्या शेवटी नुसती मोकळी जागा होती. त्या दिवशी एकही लॉट थांबवलेला नसणार. मला वाटलं, उगाच सोडलेली जागा आहे. जुन्याला चौसष्टच मावतात ना, मग पुढची सोळा कापून टाका. कापली. वर मधल्या मशीनला कुणी बघायचं नाही म्हणून त्याचा मॉनिटरही काढून कपाटात ठेवला. त्यामुळे पूर्ण ओळ पंधरा दिवसांत एकाही माणसाच्या नजरेला पडली नव्हती.

सुरेखाताईंनी कपाट उघडून दिलं. मॉनिटर जोडून मी लाईटची वाट बघत बसलो. अर्धा तास गेला. बाबाराव गोणपाट पुन्हा गुंडाळत होते, जणू त्यातल्या मोडांना अजून कुठे जायचं होतं. अखेर लाईट आली, पीसी चालू झाला, मी आजची यादी उघडली. एकशे बारा. ज्वारी. पोती. गोडाऊन नंबर. आणि पार उजवीकडे: होल्ड.

साहेब माझ्या खांद्यावरून बघत होते. खुर्ची ओढून शेजारी बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, फोन लाईनची गडबड झाली असं म्हणू. तुमी प्रोग्रॅम नीट करा. तुमचंही नाव खराब न्हाई, माझंही न्हाई."

"आणि मेमो?"

"मेमो काय, माल अडवल्याबद्दल आहे. अडवला तर आहेच."

खोटं कशाला सांगू, दोन मिनिटं मला ते पटलं होतं. आमच्या कंपनीचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट या डेपोवर होतं आणि माझा साहेब काय म्हणेल ते मला ऐकू येत होतं. बाबाराव पलीकडे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, तरी ते हातातल्या गोणपाटावर पाणी शिंपडत होते. ते भांडले असते तर बरं झालं असतं. मी मघाचा कागद ओढला आणि पहिल्या ओळीखाली दुसरी लिहिली: दोष मशीनमध्ये नाही, मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये आहे, स्टोअरकीपरने माल अडवला ते बरोबर केलं. खाली पुन्हा दस्तखत.

साहेबांनी वाचलं. मेमो चुरगाळला आणि टोपलीत न टाकता खिशात घातला.

मग मागच्या याद्या उघडल्या. आणखी एका लॉटपुढे होल्ड निघाला. बाबाराव चार दिवस लेकीकडे गेले होते तेव्हा तो लॉट सोनपेठला रवाना झाला होता. गोणपाट ओलं करायला डेपोत कुणी नव्हतं.

"उद्या बाजार हाय तिथं," बाबाराव म्हणाले. किल्ली सुरेखाताईंच्या हातात दिली आणि जाऊन टेम्पोवाल्याशेजारी बसले. "चल बाबा. रिकामाच चल."

पॅसेंजर गेली. मी प्रोग्रॅम बदलला. आता लांब ओळ दोन तुकड्यांत यायला लागली, आणि कुठे काही कापावं लागलंच तर शेवटी तीन फुल्या छापल्या जाऊ लागल्या. टेम्पो परत आला तेव्हा दिवस मावळत होता. बाबारावांनी पिशव्या उतरवून घेतल्या, मोजल्या.

"दोन कमी हायत. काल खपल्या."

"कुणी नेल्या?"

"दुकानदाराला ध्यानात न्हाई."

मी त्यांना नव्या यादीचा कागद दाखवला, फुल्या म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी कागद लांब धरून नीट बघितला.

"म्हंजे इथं कायतरी काढलंय, असं ह्यो आता सांगनार."

"हो."

"मंग हे पयल्यापासून कामून न्हाई ठिवलं?"

मी माफी मागितली. ते "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या लॉटचे दाणे मोजायला बसले.

पुढच्या वर्षी आमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. बाबाराव मात्र तीन वर्षं पुरी करून रीतसर रिटायर झाले, असं सुरेखाताईंनी कळवलं. त्यानंतर मी अनेक ठिकाणी अनेक मशीनांच्या मध्ये मशीनं बसवली. कापलं तर कापलं म्हणून छापायचं, हा नियम कुठेही मोडला नाही. शिकाऊ मुलं विचारायची, सर, या फुल्यांची काय गरज? मी त्यांना सोनपेठच्या त्या दोन पिशव्यांचं सांगायचो. त्या कुणाच्या रानात गेल्या ते मला आजवर कळलेलं नाही.