केवळरामची लाइन

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात केवळराम प्रयोगशाळेचा परिचर होता. बायको गेली त्याला दोन वर्षं झाली होती. एकुलती मुलगी दिव्यानी पुण्यात नोकरीला लागली. २००७च्या उन्हाळ्यात सुटीवर आली तेव्हा तिने घरात कॉम्प्युटर बसवला, टेलिफोनच्या तारेवर ब्रॉडबँड घेतलं आणि बापाला ऑनलाइन बुद्धिबळ शिकवलं. ती लहान असल्यापासून दोघं खेळत आलेले. आता दर रविवारी दुपारी चारला खेळायचं ठरलं. प्रत्येकाला दहा मिनिटं.

त्या खेळात बोलणं फारसं नसायचं. पण तिने घोडा पुढे घातला की पोरगी आज खुशीत आहे, हे त्याला कळायचं. तेवढं त्याला पुरत होतं.

पावसाळ्यात खेळ अडकू लागला. केवळराम प्यादं सरकवायचा आणि ते जागचं हलायचं नाही. घड्याळ मात्र पळत राहायचं. जिंकत आलेले डाव तो वेळ संपून हरू लागला.

"बाबा, तुमची लाइन खराब आहे," दिव्यानी फोनवर म्हणाली. "आपण खेळलेली चाल पाकिटासारखी जाते. वाटेत पाकिटं हरवून राह्यली."

"मंग काय करू?"

तिने त्याला काळ्या पडद्यावर एक आज्ञा लिहायला शिकवलं. शंभर पाकिटं पाठवायची आणि किती परत आली ते बघायचं. त्याची एकोणसत्तर परत आली.

"राहू द्या नं बाबा," ती म्हणाली. "लाइन दुरुस्त झाली की खेळू."

पण तो कशाला राहू देतो! आधी त्याने स्वयंपाकघरातला दुसरा फोन काढून टाकला. पाकिटं हरवतच होती. मॉडेमची वायर बदलली, तरी तेच. घरातली सगळी तार नवी ओढली. शेवटी टेलिफोनचा लाइनमन चैतू याला घरी बोलावलं.

"केवळभाऊ, फोनवर आवाज तं साफ येऊन राह्यला," चैतू म्हणाला.

"आवाज येते रे. चाल जात नाई."

चैतूला ते काही उमगलं नाही. पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्याने शिडी उचलली. दोघं घरापासून तारेखालून चालत निघाले आणि एकेक खांब बघत गेले. धानाच्या गिरणीजवळच्या खांबावर चैतूला एक जुना जोड सापडला. पाणी शिरून आतलं तांबं हिरवं पडलं होतं. त्याने तो कापला, नवा जोड केला आणि वरून घट्ट पट्टी गुंडाळली.

घरी येऊन केवळरामने शंभर पाकिटं पाठवली. शंभरच्या शंभर परत आली. त्याने पुन्हा पाठवली. पुन्हा शंभर. बातमी सांगायला फोन उचलला, पण परत ठेवला. रविवारी एकदम समोर येऊन पोरीला चकित करू, असं त्याच्या मनात आलं.

रविवारी चारच्या आधीच तो बसला. दिव्यानीच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे ती साइटवर होती. ती दुसऱ्या कुणाशी तरी खेळत होती. त्या साइटवर कुणाचाही डाव बघता यायचा, म्हणून तो बघत बसला. पोरगी झरझर खेळत होती. त्याच्याशी खेळताना ती इतकी थांबून, सावकाश खेळायची, ते त्याला आता कळलं. डाव संपला, दोघांनी लगेच दुसरा मांडला. मग तिसरा. पाच वाजता हिरवा ठिपका गेला.

सहाला तिचा फोन आला. "बाबा, लाइन झाली का दुरुस्त?"

"नाई बा," तो म्हणाला. "खराबच हाय."

"बरं, काळजी नका करू," ती म्हणाली. तिच्या आवाजातली सुटका त्याला साफ ऐकू आली.

त्यानंतर तो अनोळखी लोकांशी खेळू लागला. कोण कुठला, काही ठाऊक नसायचं. एकदा हरता हरता वजिराचा बळी देऊन त्याने मात केली. इतका सुंदर डाव त्याने जन्मात खेळला नव्हता. तो खुर्चीवरून उठला, ओसरीपर्यंत गेला आणि परत येऊन बसला. सांगायला घरात कुणी नव्हतं.

दिवाळीला दिव्यानी आली. कॉम्प्युटर उघडून बघते तर त्याच्या नावाखाली दीडशेवर डावांची यादी, तारखांसकट. त्या रविवारपासूनची.

"बाबा, मले काऊन नाई सांगितलं?"

"तू खेळून राह्यली होती," तो म्हणाला. "चांगली खेळून राह्यली होती."

तिने त्याच्यासाठी चहा केला आणि कप हातात देऊन तशीच शेजारी बसून राहिली.

पुण्याला परतल्यावर पहिल्या रविवारी ती चारला आली. दुसऱ्याही रविवारी आली. तिसऱ्या रविवारी तिला काम निघालं. केवळरामने सव्वाचारपर्यंत वाट पाहिली, आणि जो कुणी मोकळा होता त्याच्याशी डाव मांडला.