यादीतलं शेवटचं नाव

"मार्था गेली," एवढंच म्हणून इनासदादांनी फोन ठेवला. नायगावच्या फ्लॅटमध्ये मी कितीतरी वेळ फोन हातात धरून बसले. सख्ख्या बहिणीचं नाव त्यांच्या तोंडून मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं...

मार्थाबाय आमच्या निर्मळ गावची. शाळेत शिकवायची आणि नाटकं लिहायची. गावच्या नाटकात तेव्हा बाईचं काम पुरुषच करायचे. तिनं पहिलंच नाटक लिहिलं ते पाच बायकांचं, आणि पाचही कामं बायकाच करतील असा हट्ट धरला. त्यातली एक मी, सतरा वर्षांची. गावात कुजबुज सुरू झाली, तालमीची जागा गेली. तेव्हा इनासदादांनी स्वतःचं अंगण दिलं. "इथं करा. कोण काय बोलतो ते मी बघतो," म्हणाले, आणि महिनाभर रोज संध्याकाळी वाडीच्या तोंडाशी बसून राहिले. प्रयोग झाला. नको नको म्हणणारी माझी आई पहिल्या रांगेत होती.

पुढं मार्थाबायनं पाक्षिक काढलं. लिहायची तीच, सायकलवरून अंक वाटायचीही तीच. एका उन्हाळ्यात टँकरवाले वाड्यांमधल्या विहिरी उपसू लागले आणि शेजारच्या विहिरींचं पाणी खारं झालं. पाणी विकणाऱ्यांची यादी तिनं जमवली. त्यात इनासदादा होते.

"दादांचं नाव गाळ ना," मी म्हटलं. "त्यांच्यामुळं आपण स्टेजवर उभ्या राहिलो."

"म्हणून तर दोन दिवस हात चालत नाहीये," ती म्हणाली. "पण त्याचं गाळलं, तर बाकीच्यांची कुठल्या तोंडानं छापू?"

अंक निघाला. दादांनी पाणी विकणं थांबवलं, आणि तिच्याशी बोलणंही. एकाच अंगणात दोघांची दारं समोरासमोर. पण ते तिच्या घरात पुन्हा गेले नाहीत.

तिच्या महिन्याच्या मिस्सेनंतर, चर्चमधली तिच्यासाठीची प्रार्थना आटोपल्यावर, मी तिची खोली आवरत होते. दादा काठी टेकत आत आले. "तो अंक आहे?" मी काढून दिला. इतकी वर्षं त्यांनी तो वाचलाच नव्हता. लोकांनी सांगितलं तेवढंच त्यांना ठाऊक. यादीवरून त्यांचं बोट हळूहळू खाली गेलं. बाकीच्यांची नुसती नावं होती. शेवटच्या नावाशी ते थांबले.

"हे मला कुणी सांगितलं नाही गं..."

त्यांच्या नावापुढं तिनं छापलं होतं : 'माझा थोरला भाऊ. ही विहीर माझीही आहे.'

ते तिच्या खुर्चीत बसले. "जरा मोठ्यानं वाच," म्हणाले. मी वाचलं. मग त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं.