आईची उत्तरं

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला की मी अजूनही लगेच उचलत नाही. थोडा वेळ वाजू देते. घरातले हसतात, एवढं काय घाबरायचं, लोन देणारेच असतात म्हणतात. त्यांना काय सांगणार? एका मेलेल्या बाईची मी फोनवर मुलाखत घेतली आहे, आणि या कामात मला मिळालेली ती सगळ्यात चांगली मुलाखत होती.

काम तसं साधं होतं. आमच्याकडच्या शाळांमध्ये किशोरवयीन मुलामुलींच्या आरोग्याचे कार्यक्रम चालतात. चालतात म्हणजे काय, वर्षातून एकदा कुणीतरी पाहुणी येते, मुलांना मैदानावर पिटाळतात, मुलींना वर्गात बसवून दार लोटून घेतात, तासभर कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही आणि शेवटी केळी वाटून फोटो काढतात. हे सुधारायचं तर आधी मुलांना आणि त्यांच्या आईबापांना विचारा, असं आमच्या संस्थेत ठरलं. केज तालुका माझ्या वाट्याला आला, कारण मी बीडची आणि मला जीपमध्ये उलटी होत नाही.

प्रश्न पुण्यात बसून तयार केलेले होते. ‘मुलांची मुलाखत शाळेत, पालकांची घरी’ असं त्यावर ठळक लिहिलेलं. पण दसरा झाला की आमच्या निम्म्या गावांना घरी पालक नसतात. ते कारखान्याला जातात, म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर पार कर्नाटकात, ऊस तोडायला. परत यायचे ते पाडव्याच्या आगेमागे. मी पुण्याला तसं कळवलं, तिकडून ‘फोनवर घ्या’ असं उत्तर आलं. मग मी रोज संध्याकाळी, बाया उसाच्या फडातून खोपीवर परतायच्या सुमारास, फोन लावत बसायचे. बहुतेक जणी दोन प्रश्नांत कंटाळायच्या. पाळीचा प्रश्न आला की फोन नवऱ्याच्या हातात, आणि नवऱ्याला तो प्रश्न विचारला की फोन बंद.

ती मुलगी नववीत होती. शाळा केजला, राहायला मावशीकडे. वर्गात मी तिची मुलाखत घेतली तेव्हा तिच्या तोंडाला जणू कुलूप होतं. झोप लागते का, लागते. जेवण जातं का, जातं. शरीराबद्दल काही विचारायचं असेल तर कुणाला विचारतेस, यावर मात्र तिने पटकन मान वर करून “आईला” म्हटलं. आईचा नंबर मागितला तर तोही तोंडपाठ सांगितला.

त्या संध्याकाळी मी फोन लावला. पलीकडे वारा लागल्यासारखी खरखर होती. मी मुलीचं नाव सांगितलं आणि विचारलं, “आई बोलताय का?”

बराच वेळ काहीच आलं नाही. मग बारीक आवाजात, “व्हय. बोला.”

मी वाचायला सुरुवात केली. मुलीशी पाळीबद्दल कधी बोललात का? “बोलले की. पयल्यांदा आली तवा लई भेली व्हती. मी जवळ घेतलं. म्हणलं, भ्यायचं न्हाई, आईला बी येती, समद्यांना येती.” मी लिहायची थांबले. मला पाळी आली तेव्हा माझ्या आईने बोटाने कोपरा दाखवला होता, एक शब्द बोलली नव्हती. शिकलेल्या घरातली मी.

मुलीची कशाची काळजी वाटते? “राती जागी असती ती. कुणाला सांगत न्हाई.” तुम्ही एवढ्या लांब, तुम्हाला कसं कळतं? “कळतं आईला.” शाळेत काय शिकवावं असं वाटतं? ती म्हणाली, “आई जवळ नसंल तर कुणाला इचारायचं, त्ये शिकवा.”

प्रश्न संपले होते. आणखी काही सांगायचंय का, असं मी रीतीप्रमाणे विचारलं. आवाज आता जरा घाईत आला. “तिला कारखान्याला न्यायचं न्हाई. दहावी होस्तोर तरी न्हाई. एवढं लिवा.” आणि फोन बंद झाला.

त्या बाईने मला वेड लावलं. बीडच्या मीटिंगमध्ये मी तिची वाक्यं वाचून दाखवली, पुण्याला पाठवली, मांजरसुंब्याला चहाला थांबले तरी सोबतच्यांना तिचंच सांगत होते. आमचा सगळा नवा कार्यक्रम तिच्या एका उत्तरावर उभा राहिला. वर्षातलं एक भाषण बंद करून प्रत्येक शाळेत एक अशी बाई ठेवायची, जिला कधीही जाऊन विचारता येईल, असं ठरलं. याचं पहिलं बोलणं पालकसभेत त्या आईनेच करावं असं माझ्या डोक्यात बसलं.

पाडवा होऊन गेल्यावर, लोक परतले तसं मी मुलीच्या गावाला गेले. युसूफ वडगावहून पुढे थोडं आत आहे. उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणजे मुलगीही घरीच असणार होती. पत्र्याच्या घरापुढे एक माणूस दोरी वळत बसला होता. मी कोण, कुठली ते सांगितलं आणि त्याच्या बायकोला भेटायचंय म्हटलं.

तो उठला आणि दारातून बाजूला झाला. आत भिंतीवर एका बाईचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार.

“संक्रांतीच्या आदी गेली,” तो म्हणाला. “ताप व्हता. तिकडंच समदं केलं आमी.”

मी फोन केला होता तो संक्रांतीनंतर. वाणाचं हळदीकुंकू आटोपून मी फोनला बसले होते, हे मला पक्कं आठवत होतं. मी खाली बसले. तेवढ्यात आतून मुलगी तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, “पानी घ्या.” वर्गात ती माझ्याशी पुस्तकी बोलली होती. घरातल्या बोलीत तिला मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तो आवाज मी आधी ऐकलेला होता. तिने माझ्याकडे बघितलं. ती काही विनवत नव्हती. सगळं संपलं आहे असं बघत होती.

बाप मात्र पुन्हा दोरी वळत सांगत होता. हंगामाचे शेवटचे दोन महिने भावजयीला जोडीला उभं करून कसेबसे काढले. येत्या दसऱ्याला पोरीला नेणार. “एकल्याचा कोयता कोन धरतंय ताई?” आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो, मुकादम माणसं अशीच मोजतो. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. आई गेली होती आणि तिची जागा भरायची होती. मुलीने मावशीला गप्प बसवून शाळेत कुणालाच का कळू दिलं नव्हतं, ते मला तिथे कळलं. आई गेल्याचं बाहेर फुटलं की ही आता कोयत्याला जाणार म्हणून शाळा आपलं नाव काढणारच, असं तिने धरलं होतं.

मी फार विचार केला असं नाही. तोंडातून निघून गेलं, “तुमच्या बायकोशी माझं बोलणं झालं होतं फोनवर.”

त्याच्या हातातली दोरी थांबली. “कवा?”

“थंडीत.”

“काय म्हणली?”

मी सगळं सांगितलं. जवळ घेतल्याचं, राती जागण्याचं, आईला कळतं ते. आणि शेवटी, दहावी होईपर्यंत हिला कारखान्याला न्यायचं नाही, हे. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “मला कदी असं बोलली न्हाई ती.” नंतर विचारलं, “दहावी होस्तोर म्हणली?” मी हो म्हटलं. मुलगी दारात उभी होती, तिची मान खाली होती.

त्या दसऱ्याला तो एकटाच गेला. अर्धा कोयता म्हणतात अशा माणसाला, पैसेही अर्धे आणि टोळीत मानही अर्धा. मुलगी दहावीला शाळेत राहिली. आणि मला संध्याकाळी फोन यायला लागले, प्रत्येक वेळी वेगळ्याच कुणाच्या नंबरवरून. “ताई, ती काय म्हणली व्हती, परत सांगा की.” मी सांगायचे. त्याच क्रमाने, त्याच शब्दांत, आणि बोलता बोलता माझाही आवाज बारीक व्हायचा. पलीकडे खरखर असायची. फोन ठेवल्यावर मला स्वयंपाक सुचायचा नाही. मी त्या बाईला कधी बघितलं नव्हतं, आणि आता ती माझ्या तोंडून बोलत होती. मला भीती वाटायची, खरंच वाटायची.

एकदा शाळेत मुलगी एकटी सापडली. आमच्या नव्या कार्यक्रमातल्या बाईंकडे ती येऊन बसायची, फार काही विचारायची नाही. मी तिला म्हटलं, तुला सुचलं तरी कसं गं ते सगळं?

“सुचलं न्हाई म्याडम. नंबर दिला तो मावशीचा. उचलून सांगणार व्हते, आई फडातच हाय म्हणून. पण तुमी इचारलं, आई बोलताय का. मी व्हय म्हणले. मंग आपोआपच येत गेलं.” ती थोडा वेळ नखाने बाक कोरत राहिली. “मला पाळी आली तवा आई तिकडंच व्हती. जवळ कुनीच न्हवतं. पण फोनवर बोलताना मला बी ऐकू येत व्हतं, आईनं जवळ घेतल्यालं.”

दहावीचा निकाल लागला, ती चांगल्या मार्कांनी पास झाली. मी पेढे घेऊन गावाला गेले. खरं तर पेढ्यांच्या निमित्ताने दुसरंच ठरवून गेले होते. बाप मला ओळखू येईना इतका वाळला होता. मोळ्या एकट्याने वाहून मान एका बाजूला कलली होती, वळून बघायचं तर सगळं अंग वळवावं लागे. त्याने पेढा आधी फोटोपुढे ठेवला. मग माझ्यासमोर बसला.

“ती म्हणली तेवढं केलं मी ताई. दहावी झाली.” मग त्याने विचारलं, “म्होरलं काय बोलली व्हती का?”

हाच प्रश्न यावा म्हणून मी आले होते. बारावी म्हणाली होती, कॉलेज म्हणाली होती, नर्सिंग म्हणाली होती, वाटेत जीपमध्ये मी सगळं जुळवून ठेवलं होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं असतं ते त्याने केलं असतं, याची मला आजही खात्री आहे. मी मुलीकडे बघितलं. ती बापाच्या मानेकडे बघत होती.

मी बोलायच्या आत तीच म्हणाली, “न्हाई आबा. आई तेवढंच बोलली.”

मी तिच्याकडे रागाने बघितलं. तिने माझी नजर चुकवली नाही. माझ्या तोंडातली बारावी तशीच राहिली. आई तिची होती, माझी नव्हे. बापाने मान हलवायचा प्रयत्न केला, ती नीट हलेना.

जीपपर्यंत तो मला सोडायला आला. मी बसले तेव्हा त्याने हात जोडले. “तुमी व्हता म्हणून तिचा शबुद पाळता आला मला, ताई. न्हाईतर कळलंच नसतं.”

दसऱ्याला तो मुलीला घेऊन गेला.