हाताला काही बांधू नका

टेम्पोनं शिवणवाल्या ताईंना उडवलं तेव्हा त्यांचा दीर दोन गल्ल्या पलीकडे दाढी करून घेत होता. तरी अपघात सांगावा तर त्यानंच. ताई बरेच दिवस बेशुद्ध होत्या. डोक्याला टाके घेऊन, पाय ओढत त्या घरी आल्या आणि या गृहस्थाला फुकटचे श्रोते मिळाले. कुणी भेटायला आलं की हा सुरू : ब्रेक असा किंचाळला, वहिनी अशा फेकल्या गेल्या! "त्यांना मात्र काही म्हणजे काही आठवत नाही हो. सुटल्या बिचाऱ्या!" हे सगळं त्यांच्यादेखत.

ते मात्र खरं होतं. ताईंना ना टेम्पो आठवत होता, ना रस्ता.

एका दुपारी त्या पुन्हा मशीनवर बसल्या. टाचण्या खोचायची छोटी गादी नवऱ्यानं हौसेनं त्यांच्या मनगटाला बांधली. पट्टा आवळला मात्र, ताईंनी किंकाळी फोडली, नवऱ्याच्या थोबाडीत दिली आणि पट्टा दातांनी ओढत त्या मशीनखाली शिरल्या. घामानं नुसत्या निथळत होत्या.

"नाटकं!" दीर म्हणाला. "आठवतच नाही त्याची भीती कसली?"

दीडशहाणा मेला. अकलेचा कांदा सोलत बसलं तरी हाती काय लागणार?

नवऱ्यानं त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सगळं ऐकून बाईंनी त्याला विचारलं, "अतिदक्षता विभागात यांचे हात बांधले होते का?"

तो चपलांकडे बघू लागला. "हो. नळ्या उपटत होती म्हणून. पलंगाच्या कठड्याला."

"अपघात पुसला गेला असेल. पण अर्धवट शुद्धीत भोगलेलं अंगात राहतं. हा मनाला बसलेला धक्का आहे, नाटक नाही. उपचार आहेत यावर."

ताई रडल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं, आणि मला नाटकी ठरवू दिलंत?"

"मला वाटलं, आठवण करून दिली तर..."

"वाटलं! डोकं माझं फुटलं आणि अक्कल तुमची सांडली."

दिराला त्यांनी उंबऱ्यावरच सांगितलं, "भावजी, ती टेम्पोची गोष्ट आता आपल्या घरी जाऊन सांगा." तो महिनाभर फुगून बसला. कुणाचं काही अडलं नाही.

उपचार चालू आहेत. भीती कमी झाली, गेली नाही. घड्याळसुद्धा त्या हातात घालत नाहीत. परवा शेजारच्या मास्तरांचा सदरा शिवला, तर एक बाही बोटभर लांब झाली.

"छान झालाय हो ताई," मास्तर शब्द मधात घोळवून म्हणाले.

"छान? बुजगावणं दिसताय. दया घरी ठेवा आणि सदरा काढा."

मास्तर बनियनवर बसून राहिले. ताईंनी बाही उसवायला घेतली.