पाटीवरची निहारी

खरं सांगायचं तर मी तिथं पाटी वाचून गेलो. जुन्या बारवांची मापं घ्यायचं काम होतं, वालूरला दोन दिवस. लग्नसराईमुळं सेलूत एकही खोली मिळेना. वालूरच्या अलीकडे रस्त्याकडेला पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली : ‘त्रिवेणी निवास. राहण्याची व निहारीची उत्तम सोय.’ मी औरंगाबादेत वाढलेला. थंडीच्या दिवसांत सकाळी सकाळी मटणाच्या निहारीत नान बुडवून खायची सवय. तोंडाला पाणीच सुटलं. हावरटपणा माझा होता, आणि तो निस्तरावा लागला एका बिचाऱ्या बाईला.

इमारत म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगचं ऑफिस. जाड दगडी भिंती, हात पोचणार नाही इतक्या उंच खिडक्या. कापूस गेला, माणसं गेली, पण दारांवर मराठीत आणि उर्दूत लिहिलेली नावं तशीच होती : काटा, मुनीम, मालक. मी दारात उभा राहिलो तेव्हा आत पन्नाशीची एक बाई सुपात डाळ निवडत होती आणि शेजारी स्पीकरवर ठेवलेल्या फोनशी बोलत होती. फोनमधला म्हातारा आवाज म्हणाला, “उद्या सकाळी येतो आन् सही करून टाकतो तुझ्या कागदावर.” तिचं तोंड केवढं खुललं! आणि नेमक्या त्याच वेळी मी मोठ्यानं विचारलं, “ताई, निहारी किती वाजता मिळते? मटणाचीच ना?”

फोनमधून आवाज आला, “काय म्हणला गं ह्यो?”

“भावजी, ते तसं न्हाई...”

“येऊन बघतो सकाळी.” फोन बंद.

बाईचं नाव त्रिवेणी. लिंगायत घरातली धाकटी सून, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. मला वाटलं आता मला हाकलून देईल. पण तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली, पाटीपर्यंत गेली, पाटी वाचली आणि परत आली.

“निहारी म्हंजी मटण असतंय?” तिनं विचारलं.

“हो.”

“मी पेंटरला फोनवर न्हारी म्हणले. भुजंगनं निहारी लिवलं. मला वाटलं, आमी न्हारी म्हणतो त्याला शुद्ध भाषेत निहारी म्हणत असतील.” मग स्वतःशीच म्हणाली, “शुद्ध करायच्या नादात बाटले की ओ मी.”

सेलूच्या निहारीवाल्या हॉटेलांच्या पाट्या रंगवून त्या भुजंगचा हात बसलेला. त्यानं सवयीनं लिहिलं आणि हिनं शुद्ध म्हणून मान्य केलं. हसावं की डोकं धरावं कळेना.

इमारत दोन्ही भावांच्या नावावर होती. सरकारच्या ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ योजनेत नोंद करायला मोठ्या दिराची, चन्नबसप्पांची, संमती लागत होती. सहा महिने विनवल्यावर ते तयार झाले, ते एका अटीवर. ह्या वास्तूत अंडंसुद्धा फुटता कामा नये. सही झाली नाही तर दारं बंद करून परभणीला दिराच्या घरी जावेच्या हाताखाली जायचं. “दोन मैने राहिले तिथं, हे गेल्यावर,” ती म्हणाली. “खायला-प्यायला कमी न्हवतं. पण आज भाजी कोणती करावं, एवढं बी कुणी विचारलं न्हाई मला.”

हे सांगताना ती एका जागी उभी नव्हती. चादर ओढ, खिडकीची कडी लाव, पुन्हा काढ. मधेच दगड घेऊन पाटी खरवडायला गेली. रंग पक्का निघाला. मी चन्नबसप्पांना माझ्या फोनवरून चार वेळा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. निघून जावं असंही मनात आलं, पण तसं पळून जाणं नीचपणाचं झालं असतं.

“काट्यात झोपता का मुनिमात?” तिनं शेवटी विचारलं.

मी काट्यात झोपलो. जमिनीत बसवलेल्या वजनकाट्याच्या लोखंडी पत्र्यावरच पलंग होता. आडवं झालं की भिंतीवरची सुई थरथरत वर जाई. पलंगासकट माझं वजन एकशे एकतीस किलो. असला अपमान दुसऱ्या कुठल्या लॉजवर झाला नव्हता. त्या रात्री मी सारखी कूस बदलत होतो, सुई एका जागी थांबलीच नाही.

सकाळी साडेसातला तिनं जिनिंगचा हातानं फिरवायचा भोंगा वाजवला. पाहुण्यांना न्याहारीला बोलवायची तिची हीच रीत. अंघोळ, लिंगपूजा उरकून, कपाळाला विभूती लावून तिनं सगळं रांधून ठेवलं होतं. अंघोळ केल्याशिवाय चुलीच्या खोलीत कुणी पाय ठेवायचा नाही, हे तिनं मला आल्या आल्या बजावलं होतं. भोंगा थांबतो न थांबतो तोच चन्नबसप्पा आले. सत्तरीचे, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. माझ्याकडे न बघता सरळ आत शिरले.

“चूक माझी आहे हो,” मी मागून ओरडलो. “पाटी चुकली आहे!”

त्यांनी एकेक झाकण उचललं. ज्वारीच्या भाकरी. धपाटे. शेंगदाण्याची चटणी. दही. चटणीच्या वाटीचा तर वाससुद्धा घेतला. मग खिशातून पेन काढलं.

“बरं हाय. कागद आण. पाटी वाचून लोक काय बी बोलायलेत, म्हणून बघावं लागतंय.”

“भावजी,” त्रिवेणीताई म्हणाल्या, “चपला.”

म्हाताऱ्यानं खाली बघितलं. दोन्ही चपला पायात होत्या, चुलीपासून हातभर अंतरावर.

“मटण कुणी आणलं न्हाई हितं. चुलीपाशी चपला मातर आल्या, त्या तुमच्या. चौतीस वर्सं झाली मला तुमच्या घरात येऊन. गळ्यात लिंग हाय माझ्या. भुजंग पेंटरच्या पाटीवर इश्वास बसला तुमचा, माझ्यावर न्हाई.”

चन्नबसप्पा तसेच बाहेर वळले. कान लाल झाले होते. बाहेर ओट्यावर बसून त्यांनी सही केली, कागद तिथंच ठेवला आणि पाणीसुद्धा न पिता गेले. मला त्यांची कीव आली, पण फार नाही.

ताईंनी शिजवलेलं सगळं शेजारच्या गाईंना घातलं, चुलीची खोली धुतली आणि पुन्हा पीठ काढलं. मी दाराबाहेर पाट घेऊन बसलो. काहीतरी बरं बोलावं म्हणून म्हणालो, “झाली एकदाची सही. आता सुटलात तुम्ही.”

“तसं वाटायला पायजे होतं,” त्या म्हणाल्या. पीठ मळणारे हात थांबले. “ती अट मी मान्य केली ना सर, तितंच चुकलं माझं. माझ्या चुलीवर मटण शिजत न्हाई ते माझा धरम हाय म्हणून. आता जलमभर ते भावजींच्या अटीमुळं शिजत न्हाई असं व्हणार.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी भाकरी थापायला घेतली, आणि इतक्या जोरात थापली की ती मधोमध फाटली. त्यांनी पीठ परत गोळा केलं आणि पुन्हा थापायला लागल्या.