एक जून एकोणीसशे सत्तर

सारंगखेड्याच्या गल्लीत यामिनीची नोकरी हे सगळ्यांना पडलेलं कोडं होतं. सून सकाळी भाकरी-भाजी आवरते, माडीवर जाते, दार ओढून घेते ती संध्याकाळीच खाली उतरते. ना शाळेत शिकवायला जाते, ना दवाखान्यात. मग करते तरी काय ही बाई? शेजारच्या रंजनाबाईंनी एकदा सरळ विचारलंच, "वर बशीसनी काय करस तू, बेटा?"

"मशीनला तारीख वाचायला शिकवते, काकू."

"घ्या! तेनासाठे पगार देतस?" म्हणत रंजनाबाई पोट धरून हसल्या. हसायचं त्यांना हसू द्या, पण यामिनीने शब्दन् शब्द खरा सांगितला होता.

नाशिकची एक कंपनी हातात मावेल एवढं मशीन बनवायची. डोंगरात धडगावकडे एक धर्मादाय संस्था आरोग्य केंद्रं चालवते, तिथे ही मशिनं. पेशंट कार्ड टेकवतो, हिरवा दिवा लागला की पुढे, लाल लागला की मागे. या मशिनच्या पोटात एक लायब्ररी असते. पुस्तकांची नव्हे हो! मशिनवरच्या कुठल्याही प्रोग्रामला वेळ विचारायची असो की फाइल उघडायची, सगळे हिच्याच दारात येतात. ती लायब्ररी सांभाळणं हे यामिनीचं काम. धुळ्याच्या कॉलेजातून इंजिनीयर होऊन या घरात आली, तेव्हा भाऊबंदांची कुजबुज सुरू झाली की राजपुताची सून आता परक्या माणसांशी फोनवर बोलणार. तेव्हा सासऱ्यांनी, धनसिंग आबांनी, ओट्यावर उभं राहून एकेकाचं तोंड बंद केलं होतं. नवरा भूपेंद्र नवापूरला पोल्ट्रीवर सुपरवायझर, घरी येणार रविवारी. आबा स्वतः शहाद्याला सरकारी कचेरीत कारकून. आबा नसते तर माडीवरची ती खोली कांदे साठवायलाच गेली असती, हे यामिनी कधी विसरली नाही.

आता तारखेचं दुखणं काय, ते ऐका. मशीन काही आपल्यासारखं दिवस-महिना-साल लक्षात ठेवत नाही. एक जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, एवढं मोजतं आणि तो आकडा चार खणांच्या डब्यात ठेवतं. त्यातली अर्धी जागा १९७० च्या पुढच्या काळाची, अर्धी मागच्याची. पुढची जागा जानेवारी २०३८ मध्ये भरते. त्यानंतरची तारीख घातली की मशीन थेट १९०१ सालात जाऊन पडतं. संस्थेची कार्डं पंधरा वर्षांच्या मुदतीची. जुन्यांचं काही अडत नव्हतं, पण अलीकडे काढलेल्यांची मुदत चालली २०३८ च्या पलीकडे, आणि मशीन म्हणू लागलं की कार्ड शंभर वर्षांपूर्वीच संपलं. लाल दिवा!

उपाय एकच होता, डबा आठ खणांचा करणं. पण जुन्या सगळ्या फाइली चार खणांच्या, त्या वाचणारे प्रोग्राम चार खणांचे. एकाला हात लावला की दहा हलतात. साहेब धर्मेंद्र म्हणाले, "यामिनीताई, एवढा वेळ नाही. मागची अर्धी जागा पण पुढच्यालाच देऊन टाका. २१०६ पर्यंत चिंता मिटली."

"सर, मग १९७० च्या आधी जन्मलेल्यांचं काय?"

"जन्मतारखेपुरतं वेगळं काहीतरी करा ना. तुम्हाला जमतं."

तिने केलं. वेळेच्या फंक्शनमध्ये जन्मतारखेला वेगळी वाट काढून दिली. फाइलमधून तारीख परत वाचणारं दुसरं एक फंक्शन होतं, तिथे तीच वाट काढायची राहून गेली. राहिली ती राहिली. माणूसच आहे, राहतं. म्हणून तर चाचणी असते.

आणि चाचणीच्या दिवशी, माघात, घरात आबांची साठी होती. अंगणात मांडव, चुलाण्यावर बुंदी, पाहुण्यांनी घर भरलेलं. साहेबांचे फोनवर फोन, आजच रिपोर्ट हवा. यामिनी डोक्यावरचा पदर सावरत भरदुपारी दोन जिने चढ-उतर करत होती. १९७० च्या आधी जन्मलेला माणूस चाचणीला हवा. अहो, मग शोधायचा कुठे? साठीचा नवरदेवच ओट्यावर हार घालून बसलेला! तिने आबांचं आधार घेतलं, त्यावरचा क्यूआरचा चौकोन मशिनला दाखवला, नाव-तारीख मशिनने आपसूक उचलली, कार्ड तयार झालं. टेकवलं. हिरवा दिवा. तिने रिपोर्टात लिहिलं, 'जन्म १९६६, बरोबर', पुढे कार्डाचा नंबर टाकला आणि बुंदीचं ताट घेऊन पंगतीत वाढायला पळाली. चैत्र लागायच्या आत नवी लायब्ररी सगळ्या मशिनांवर पोचली.

मे महिन्यात धडगावहून रुपाचा फोन आला. रुपा संस्थेच्या केंद्रातली सेविका. घरी पावरी बोलणारी, फोनवर मात्र शाळेतल्यासारखी मराठी.

"ताई, रागावू नका. तुमचं मशीन म्हणतं, ही बाई अजून जन्मालाच आलेली नाही."

"म्हणजे?"

"फुलवंताबाई. समोरच बसली आहे. मशीन सांगतं जन्म सात जुलै २०९७."

यामिनीने कागद-पेन ओढलं. "कार्डावर काय आहे?"

"एक जून १९६१. आमच्याकडे सगळ्यांचाच एक जून, ताई. मास्तर दुसरी तारीख देतच नाहीत," रुपा हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "तुमच्या ऑफिसला कळवलं होतं. ते म्हणाले, अडलं तर जन्म एक जून १९७० करा, चालेल. केलं. हिरवा लागला. पण आता हिचं वय झालं पंचावन्न."

"मग?"

"डोळ्याचं शिबिर आहे. मोफत ऑपरेशन साठीच्या पुढच्यांनाच. यादी मशीनच काढतं, त्यात हिचं नाव नाही. एक डोळा गेला, ताई. दुसऱ्याने उजेड-अंधार तेवढा कळतो. यादी शनिवारी बंद होणार. पुढचं शिबिर दोन वर्षांनी. डॉक्टर म्हणाले, तोवर डोळा राहणार नाही."

त्या दिवशी सोमवार होता.

यामिनीने जुना रिपोर्ट उघडला. १९६६ चा माणूस बरोबर वाचला होता, मग १९६१ चा का नाही? तिने आबांचं कार्ड पुन्हा टेकवलं आणि या वेळी दिव्याकडे न बघता तारीख बघितली. एक जून १९७०. तिला आधी वाटलं, हेही मशीनच चुकतंय. मग खाली जाऊन तिने आबांचं आधार पाहिलं. तिथेही तेच. एक जून १९७०! साठी झाली ती कुणाची मग?

संध्याकाळी आबा कचेरीतून आले. पाण्याचा तांब्या देताना तिने विचारलं. आबांना हसू आलं.

"अरे, ते! मन्हा बापनी शाळामा नाव घालं ना, तवय मास्तरले सांगं, चार वरीस कमी लाव. पोऱ्याले नौकरी लागनी ते चार वरीस जास्ती चाली. तवय समदाच करेत बेटा तसं. कागदनं वय कचेरीले, खरं वय देवले."

म्हणजे आबा अठ्ठावन्न पूर्ण करून दोन वर्षांपूर्वीच घरी बसायला हवे होते. कागदावर अजून दोन वर्षं बाकी. यामिनी चुलीकडे गेली. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते फक्त तिला आणि सरकारला.

मग तीन दिवस ती माडीवरून जेवायलाही धड उतरली नाही. लायब्ररीत आठ खणांची नवी फंक्शनं बसवली, जुनी तशीच जागेवर ठेवली. जुनी फाइल आली की आधी तिचे खण मोजायचे, मागचा काळ मागे आणि पुढचा पुढे नीट ओतायचा, मगच पुढच्या प्रोग्रामच्या हाती द्यायचं. वेळेच्या फंक्शनमध्ये जे केलं ते फाइलच्या प्रत्येक फंक्शनमध्ये आहे ना, हे तिने बोट ठेवून ठेवून तपासलं. रुपाने पाठवलेल्या वीस म्हाताऱ्यांच्या तारखा घातल्या. वीसही बरोबर. फुलवंताबाई एक जून १९६१ ला जन्मली आणि चौसष्ट वर्षांची झाली!

गुरुवारी तिने साहेबांना फोन लावला. धर्मेंद्र माणूस वाईट नव्हता, पण तोही कुणाच्या तरी हाताखाली होता.

"काम छान झालंय, ताई. पण सगळ्या मशिनांवर बदल पाठवायचा तर संस्थेला कारण लेखी द्यावं लागतं. चूक काय होती आणि पहिल्या चाचणीत ती का सापडली नाही. त्या कागदाशिवाय ते मशिनला हात लावू देणार नाहीत."

"फाइलच्या फंक्शनमधली चूक माझी आहे, सर. तसं लिहिते."

"ते झालं. पण तुम्ही लिहिलंय, जन्म १९६६, बरोबर. मी तो कार्ड नंबर पाहिला. त्यावर १९७० आहे. सासरे ना तुमचे? साठी होती म्हणून त्या दिवशी तुम्ही घाईत होता. दोहोंपैकी एक खोटं आहे, ताई. कार्ड, नाही तर रिपोर्ट. उद्या पाचपर्यंत लिहून द्या. कुठलं ते मी विचारत नाही."

कार्ड खोटं आहे असं लिहावं, तर तो कागद संस्थेकडे जाणार, संस्था सरकारी दवाखान्यांशी जोडलेली, आणि कार्डावर आबांचं नाव-गाव. नोकरी जाईल, पेन्शन अडकेल, म्हातारपणी चौकशीला उभे राहतील. रिपोर्ट खोटा होता असं लिहावं, तर आजारी माणसांच्या मशिनची चाचणी मनाने लिहिणारीला कुठली कंपनी ठेवील? आणि काहीच लिहू नये, तर धडगावची ती बाई शनिवारनंतर अंधारात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! रडावंसं वाटलं, पण खाली सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

भूपेंद्रला फोन केला. तो म्हणाला, "आबांना विचार." एवढंच म्हणाला आणि कोंबड्यांची गाडी आली म्हणून फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी आबा इस्त्रीचा शर्ट घालून निघायच्या तयारीत होते. तिने पदर सावरला आणि एका दमात सगळं सांगितलं. फुलवंताबाईचा डोळा, चाचणी, कार्ड, साहेबांनी ठेवलेले दोन रस्ते. आबा ऐकता ऐकता खाटेवर बसले. चष्मा काढून पुसू लागले.

"मन्हं नाव लिखू नको, बेटा," शेवटी म्हणाले.

"मग रिपोर्ट खोटा होता असं लिहावं लागेल, आबा. मी तारीख बघितलीच नाही, अंदाजाने साल टाकलं, असं."

तिला मनातून वाटत होतं, आबा आता उठतील. ओट्यावर भाऊबंदांपुढे उठले होते तसे. म्हणतील, लिख खरं, व्हई ते व्हई. ती वाट बघत राहिली.

आबांनी मान वर केली नाही. "मंग तसंच लिख," म्हणाले आणि गाडीची किल्ली शोधू लागले.

तिने तसंच लिहिलं. एका परीने ते खरंही होतं की, तारीख बघितली नव्हतीच. पाचच्या आत कागद गेला. शनिवारी सकाळी मशिनांवर नवी लायब्ररी चढली, रुपाने फुलवंताबाईचं साल परत १९६१ केलं आणि दुपारी तिचा फोन आला. "ताई, यादीत नाव आलं! बाई म्हणते, मी साठीची आहे हे मशिनला कोणी सांगितलं?" यामिनी हसली, खूप हसली आणि मग फोन बाजूला धरून तिने डोळे पुसले.

ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर फुलवंताबाईने म्हणे आधी रुपाच्या नाकातली चमकी बघितली आणि ती खोटी आहे असं सांगितलं. त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. चाचणी अहवालात खोटी नोंद, सेवा समाप्त, लॅपटॉप आणि मशीन परत पाठवावं. साहेबांनी खाली हाताने दोन शब्द लिहिले होते, 'माफ करा'. गल्लीत कळायला दोन दिवस लागले नाहीत. खोटं लिहून पकडली गेली म्हणे! रंजनाबाई आल्या, चहा प्यायल्या आणि काही न विचारता गेल्या. भूपेंद्र रविवारी आला, त्यानेही काही विचारलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणापाशी बोलावं?

सोमवारी लॅपटॉपचं खोकं तिने सुतळीने बांधलं. कुरिअर शहाद्याला, म्हणजे आबांच्या कचेरीच्या वाटेवरच. आबांनी खोकं स्कूटरवर पायापाशी नीट उभं केलं, दोनदा हलवून पाहिलं. गाडी सुरू केली आणि पुन्हा बंद केली.

"दोनच वरीस शेतस, बेटा," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "मंग मी सोता त्या साहेबले जाईसनी..."

यामिनीने दोन्ही हातांनी पदर धरला होता.

"निघा आबा," ती म्हणाली. "कचेरीला उशीर होईल."