प्लास्टरमधला पाय आणि बाबा

मांडवीजवळच्या गर्दीत माझी स्कूटर बंद पडली. ती ढकलत कडेला घेताना मागून कुणीतरी माझ्या टाचेवर जोरात लाथ मारली असं वाटलं. मी वळून मागच्या माणसाला बोललेही. तो चांगला चार हात लांब होता. "बेन, में तो कंई नथी कर्युं," तो म्हणाला, आणि त्यानंच मला धरून एका दुकानाच्या पायरीवर बसवलं. पाय फारसा दुखत नव्हता. फक्त टाच उचलायला गेले की पायात जोरच येत नव्हता.

पोटरीला टाचेशी बांधणारी जाड नस पूर्ण तुटली आहे, शिवावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं. पाऊल जमिनीला अजिबात टेकवायचं नाही असं बजावून त्यांनी मला घरी सोडलं.

घर म्हणजे दांडिया बाजारातल्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला, लिफ्ट नाही. आई गेल्यापासून तिथं बाबा आणि मी दोघंच राहत होतो. बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती. वय ऐंशीच्या पुढं, कानाला मशीन. मी शाळेत गणित शिकवते. तोवर घरातलं सगळं मी बघत होते. बाबांचं काम म्हणजे संध्याकाळी खाली जाऊन भाजी आणायची आणि ओळखीच्यांशी बोलत उभं राहायचं.

आता सगळं उलटं झालं. पोळ्यांना बाई येत होती, बाकीचं बाबा करू लागले. चहा, वरणभात, माझ्या अंगाला पुसायचं गरम पाणी. मला कमोडची खुर्ची आणली होती, तिचं भांडंही तेच रिकामं करायचे. पहिल्या दिवशी मी तोंड भिंतीकडं करून बसले.

"बाबा, बाईला सांगू या ना. ती जास्त पैसे घेईल, घेऊ दे."

"तू लहान असताना केलंच होतं की," ते म्हणाले आणि भांडं घेऊन गेले.

सुरुवातीला मला वाटलं, थोड्या आठवड्यांचा प्रश्न आहे. पण जखम भरेना. टाक्यांतून पाणी येऊ लागलं, पुन्हा भूल देऊन जखम साफ केली, पुन्हा प्लास्टर, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मी खाटेवरून बघत होते. बाबा बादली उचलताना आता मध्ये एकदा खाली ठेवत होते. गॅससमोर उभं राहताना ओट्याला पोट टेकवत होते. मी थांबा म्हटलं की म्हणायचे, "तुझा पाय होऊ दे, मग मी झोपूनच राहणार आहे."

एका दुपारी स्वयंपाकघरात पातेलं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आणखी एक, जड. मी हाका मारल्या. दुपारी ते कानातलं मशीन काढून ठेवत, हे मला माहीत होतं, तरी मारत राहिले. मग खाटेवरून खाली उतरले आणि प्लास्टर मागं ओढत, बसल्या बसल्या सरकत गेले. बाबा ओट्याखाली कुशीवर पडले होते, लादीवर दूध पसरलं होतं. मला बघून ते म्हणाले, "गॅस."

ओट्यापर्यंत माझा हात पोचत नव्हता. मी खालचं कपाट उघडून सिलिंडरचं बटण फिरवलं. मग तेच पातेलं घेऊन लादीवर आपटत राहिले, समोरच्या गुजराती बेन धावत येईपर्यंत. त्यांनी नवऱ्याला बोलावलं, खालची माणसं आली आणि बाबांना चादरीत घालून जिना उतरवलं. मी तिथंच दुधात बसले होते. दाराबाहेर नेताना बाबा मोठ्यानं म्हणाले, "पाय टेकवू नकोस."

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांचंही ऑपरेशन झालं. बेननी दवाखान्यातून व्हिडिओ कॉल लावून दिला, पण मशीन घरीच राहिलं होतं. मी ओरडून विचारत होते, "दुखतंय का?" ते पडद्याकडं बघून मान हलवत होते, भलत्याच वेळी. दुसऱ्या दिवशी मशीन पाठवलं. तोवर छातीत कफ झाला होता आणि त्यांना आयसीयूत हलवलं होतं.

मला तिथं न्या म्हणून मी हट्ट धरला. चौघांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवलं. आयसीयूत थोडाच वेळ मिळाला. बाबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. त्यांची नजर माझ्या पायावर होती.

"टाके काढले?"

"अजून नाही."

"भात कोण लावतं?"

"बेन देतात आणून."

त्यांनी डोळे मिटले. मी हात धरला तर नर्स म्हणाली, आता निघा. दोन दिवसांनी सकाळी फोन आला.

पुण्याहून चुलतभाऊ आला. बाबांना वर आणणं शक्य नव्हतं, म्हणून खाली पार्किंगमध्येच ठेवलं आणि मला पुन्हा त्याच खुर्चीतून उतरवलं. मी एकुलती एक. अग्नी मी देईन, असं मी बाबांना पूर्वीच सांगितलं होतं आणि त्यांना ते मान्य होतं. गुरुजींनी माझ्या प्लास्टरकडं पाहिलं. भाऊ म्हणाला, "ताई, तिथं फिरावं लागतं, उभं राहावं लागतं. मी करतो." मी बरं म्हणाले. मला वाद घालायचं त्राण नव्हतं.

ते बाबांना घेऊन गेले. मला उचलून वर नेऊ शकतील अशी सगळी माणसं त्यांच्याबरोबरच गेली होती. ती परत येईपर्यंत मी पार्किंगमध्ये, उभ्या केलेल्या स्कूटरांच्या मध्ये त्या खुर्चीत बसून राहिले. बेन शेजारी पायरीवर बसल्या. येणारेजाणारे डोकावून बघत होते. मला लघवीला लागली होती, पण कुणाला सांगणार?

प्लास्टर निघालं तेव्हा पोटरी हाताच्या मनगटाएवढी वाटली. फिजिओथेरपीला एक मुलगी घरी येऊ लागली. "टाच वर, ताई. अजून थोडी. छान." मला त्यात छान काही दिसत नव्हतं. एके दिवशी मी तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. त्यानंतर बरेच दिवस मी खाटेवरच होते. बेन खिचडी ठेवायच्या आणि माझं भांडं घेऊन जायच्या. त्यांचेही गुडघे धरलेले होते. एका सकाळी त्या भांडं घेऊन जाताना मध्येच भिंतीला टेकून थांबल्या. मी लगेच त्या मुलीला फोन लावला. बरं व्हावं अशी इच्छा काही जागी झाली नव्हती. मला फक्त ते भांडं पुन्हा कुणाच्या हातात बघायचं नव्हतं.

आता मी चालते. लंगडते. नस लांबट जुळली आहे, म्हणून उजव्या पायावर टाच उचलता येत नाही. पुन्हा ऑपरेशन करता येईल, असं डॉक्टर म्हणाले. मी नको म्हटलं. शाळेत बसून शिकवते.

पहिल्यांदा एकटी जिना उतरले तेव्हा भाजी घ्यायला गेले. बाबा ज्याच्याकडून भाजी घ्यायचे तो म्हातारा भाजीवाला मला बघून खूश झाला.

"पग सारो थई गयो? काका केम देखाता नथी?"

"घरे छे," मी म्हणाले.

त्यानं पिशवीत मूठभर कोथिंबीर जास्त टाकली, काकांना आवडते म्हणून. मी ती घेऊन आले. तेव्हापासून त्या बाजूला जात नाही; भाजी दारावर येणाऱ्या गाडीवरून घेते.